गच्चीवर सांडलेला मठ्ठा

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी तपेली आहे आणि मला किळस फार लवकर येते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मी नाक मुरडलं की तुम्ही दचकणार नाही. तपेलीला नाक कुठलं, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारील. अरे, जिच्या पोटात माणसांनी आयुष्यभर खाण्यापिण्याचं ओतलं, तिला वास कळत नाहीत होय? मला सगळे वास कळतात. दूध नासायला लागलं की घरातल्या मांजराच्या आधी मला कळतं.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. त्या दिवसांबद्दल फार गोड काही सांगण्यासारखं नाही. ठोके खाल्ले, गोल झाले, काठ वळला. मग कुणीतरी मला विकत घेऊन एका लग्नाच्या रुखवतात मांडलं आणि माझ्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नवरीचं नाव कोरलं, राजलक्ष्मी. त्या नवरीबरोबर मी बेंगळुरूला बसवनगुडीत आले.

हे घर मराठी, पण इथे येऊन त्यांना इतक्या पिढ्या लोटल्या की मोजायचं आता कुणी मनावर घेत नाही. घरात मराठी, दारात कन्नड आणि राग आला की दोन्ही. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, ठीक. हे दोन शब्द त्या घरात मिठासारखे सगळ्यात पडतात. राजलक्ष्मीला पुढे सगळी गल्ली अक्का म्हणू लागली, म्हणून मीही अक्काच म्हणते.

आता कल्हईचं सांगते. नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. पितळेला आंबट चालत नाही. ताक म्हणा, चिंच म्हणा, कैरी म्हणा, आंबट काहीही उघड्या पितळेत ठेवलं की पितळ त्यात उतरतं. पदार्थ हिरवट पडतो, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते आणि पोटात गेला की ओकाऱ्या सुरू. याला कळकणं म्हणतात. ते होऊ नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. नवी असते तेव्हा चांदीसारखी चमकते, आणि थोड्याच दिवसांत राखाडी, मळकट दिसायला लागते. दिसते मळकट, पण काम चोख करते. माझं पितळ बाहेरून मिरवायला, आणि कल्हई म्हणजे माझं आतलं वस्त्र.

बसवनगुडीत रामनवमीला दारोदार पानक, म्हणजे गुळाचं सरबत, आणि मज्जिगे वाटतात. मज्जिगे म्हणजे आपलं ताकच, पातळ केलेलं, आलं-मिरची-कोथिंबीर लावलेलं. आमच्या फाटकाशी ते माझ्यातून वाटलं जायचं. रामनवमी आली की अक्का आधी कल्हईवाल्याला बोलावून मला कल्हई करून घ्यायची. नैवेद्य झाला की ओगराळ्याने थोडं ताक स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखायची, आणि मगच पहिला पेला बाहेरच्याच्या हातात द्यायची. रिक्षावाले, शाळेतून परतणारी मुलं, फुलं विकणाऱ्या बायका, सगळे उन्हात उभे राहून प्यायचे आणि ‘चेन्नागिदे अक्का’, छान झालंय म्हणायचे. खरं कौतुक माझंही होतं, पण भांड्याला कोण विचारतो.

अक्काची आणखी एक रीत होती. दुसऱ्याच्या घरी पानावर बसलं की अन्नाला नावं ठेवायची नाहीत. करपलं असो, कच्चं असो, गिळायचं आणि छान म्हणायचं. घरच्यांना मात्र सोडायचं नाही. तिची लेक संयोगिता भात घेऊन आली की पहिल्या घासाला अक्का म्हणायची, मीठ कमी आहे. संयोगिता चिडायची. अक्का म्हणायची, परकी असतीस तर छान म्हटलं असतं.

मग संयोगिता लग्न होऊन दूर गेली, अक्काचे यजमान गिरीराज वारले, अक्काचे गुडघे गेले आणि ताकाच्या जागी कागदी पेल्यातलं कसलंतरी सरबत आलं. मी गेले माळ्यावर. माळ्याचं काय सांगू? झुरळांनी माझ्यात संसार थाटले. एका पालीने तर आपली तुटकी शेपटी माझ्यात टाकली आणि ती तिथेच वाळून चिवट झाली. ज्या पोटात रामनवमीचं ताक असायचं, त्या पोटात झुरळांची अंडी! आजही आठवलं की काठापर्यंत शहारा येतो. पण कल्हई शाबूत होती. जुनी, राखाडी, तरी अंगाला घट्ट धरून होती.

अशात वरच्या मजल्यावर सुचेता आणि उल्हास भाड्याने राहायला आले. दोघं पुण्याची, दोघं कॉम्प्युटरच्या कंपनीत. सुचेता स्वच्छतेची इतकी वेडी की दाराची कडीसुद्धा फडक्याने पुसून मग धरायची. खाली अक्काच्या स्वयंपाकघरात कधी आली की तिची नजर मसाल्याच्या डब्याच्या कडेला जायची आणि नाकाशी एक बारीक सुरकुती पडायची. मला ती सुरकुती आवडली. म्हटलं, ही माझ्याच जातीची.

पण हीच सुचेता दुसऱ्यांच्या घरी जेवून यायची आणि स्वतःच्या घरी कुणाला बोलवायची नाही. इंदिरानगरला वेदांत आणि कस्तुरीकडे जेवली, राजाजीनगरला आश्लेषाकडे जेवली. ही सगळी तिच्या ऑफिसमधली. आपल्याकडे बोलवायची वेळ आली की पडदे लागले नाहीत, सोफा आला नाही, अशी काहीतरी पळवाट काढायची. शेवटी कस्तुरीने हसत हसत विचारलंच, तुझं घर खरंच आहे ना गं? तेव्हा सुचेताने उन्हाळ्यातला एक शनिवार ठरवला. गच्चीवर चटया टाकायच्या, संध्याकाळची गार हवा, साधं गार जेवण, एकदम ‘रिलॅक्स्ड’. हा शब्द ती इतक्यांदा म्हणाली की मला त्याची शिसारी बसली. रिलॅक्स्ड, रिलॅक्स्ड करत ती आठवडाभर नीट झोपली नाही. तिला एकच भीती होती. लोक येतील, जेवतील, तोंडावर छान म्हणतील, आणि परत जाताना गाडीत एकमेकांना म्हणतील, शी, काय ते जेवण.

तिने फोनवर कसलेसे व्हिडिओ पाहिले होते. त्यात सांगितलं होतं की यजमानाला पाहुण्यांत निवांत बसायचं असेल तर सगळं आधी करून ठेवावं. म्हणून आंबेडाळ, दहीभात, कोथिंबीरवड्या आणि जिलबीबरोबर मठ्ठा, असं सगळं आधी करून ठेवण्यासारखं बेतलं. मठ्ठ्याला काहीतरी ‘जुनं आणि देखणं’ भांडं हवं होतं. ती खाली विचारायला आली. अक्काने उल्हासला माळ्यावर चढवलं आणि मी खाली आले, झुरळांसकट.

अक्का खूश झाली. मला ओल्या फडक्याने पुसत म्हणाली की कल्हई स्वल्प जुनी आहे, पण चालेल, फक्त आतून जोर लावून घासू नको. हे ती म्हणाली तेव्हा सुचेताच्या कानाला फोन होता आणि पलीकडे जिलबीवाला होता. सुचेता मान हलवत हो हो म्हणाली. ते हो हो जिलबीवाल्याला होतं.

वर नेऊन तिने मला उजेडात धरलं आणि आत डोकावली. तिच्या नाकाशी तीच बारीक सुरकुती पडली.

“उल्हास, हे बघ. शी! आतून किती घाण आहे.”

घाण! माझ्या कल्हईला घाण म्हणाली, मित्रांनो. तिने हातमोजे चढवले. आधी चिंच-मीठ झालं, मग कसलासा निळा साबण, मग तारेचा काथ्या. माझी कल्हई जुनी असली तरी चिवट, ती हलेना. तेव्हा उल्हासने भिंतीला भोकं पाडायचं यंत्र आणलं, त्याला तारेचा गोल ब्रश लावला आणि यंत्र माझ्या पोटात घातलं. त्याचा घुर्र आवाज आणि जळका वास अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. काळं पाणी निघत होतं आणि ते पाहून सुचेता म्हणत होती, बघ किती मळ बसला होता. मळ नव्हता गं, माझं वस्त्र होतं ते. संध्याकाळपर्यंत मी आतून-बाहेरून पिवळीधमक झाले, उघडी पडले. तिने माझे फोटो काढले आणि मैत्रिणींना पाठवले. सगळ्यांनी वा वा केलं. मला अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं.

शनिवारी सकाळी तिने स्टीलच्या पातेल्यात मठ्ठा केला. चाखला. छान झाला होता, हे मी कबूल करते. आलं बेताचं, हिरवी मिरची ठेचलेली, कोथिंबीर ताजी, गांधीबाजारातून आणलेली. सगळं आधी तयार हवं म्हणून तिने तो तेव्हाच माझ्यात ओतला. फ्रिजमध्ये मी मावत नव्हते. माझ्या अंगाभोवती ओलं फडकं गुंडाळलं, वर झाकण ठेवलं आणि मला ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात बसवून ती केस धुवायला गेली.

पुढचे तास मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दुपारपर्यंत ताकाने मला चाटायला सुरुवात केली होती. मी थोडी थोडी त्यात उतरत होते. अडवताही येईना. काठाशी हिरवट कड धरली, मग ती आत सरकली, आणि तो ताजा गोड-आंबट वास जाऊन ओलं नाणं हुंगल्यासारखा वास यायला लागला. आयुष्यात मी झुरळं सोसली, पालीची शेपटी सोसली. पण तेव्हा घाण बाहेरून आली होती. आता घाण मीच करत होते. मला माझीच ओकारी येत होती, आणि ती कुठे ओकायची, तर त्याच मठ्ठ्यात.

संध्याकाळी तिने झाकण उघडलं. घाईत होती, मेकअप झाला होता. वरून मूठभर कोथिंबीर पसरली, बर्फ टाकला आणि पुन्हा झाकलं. एक घोट घे, मी मनात म्हणत होते. एक घोट घे गं बाई. पण सकाळी चाखलेला होता ना, मग पुन्हा कशाला?

गच्ची मात्र सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू? चटया, लोड, दोरीवरचे बारीक दिवे, कोपऱ्यात मोगऱ्याची कुंडी. ऊन उतरलं होतं आणि वारा सुटला होता. वेदांत-कस्तुरी आले, आश्लेषा आली, ऑफिसमधले आणखी चार-पाच जण आले. खालच्या अक्कालाही बोलावलं होतं. सुचेताच्या मनात नव्हतं, पण तपेली त्यांची आणि त्यांनाच नाही बोलवायचं हे बरं दिसत नाही, असं उल्हास म्हणाला. अक्का ठेवणीतली जांभळी रेशमी साडी नेसून, कठड्याला धरत धरत जिना चढून आली. गुडघ्यांमुळे तिला एकटीला खुर्ची दिली. तिच्या शेजारी तिवईवर मी.

माझं कौतुक फार झालं. आश्लेषाने माझ्याशेजारी बसून फोटो काढला. वेदांतने बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. मी आतून पिवळी, हिरवी आणि कासावीस.

सगळ्यात मोठ्या म्हणून पहिला पेला अक्काला. सुचेताने स्वतः ओगराळ्याने भरला आणि दोन्ही हातांनी दिला. ओठ घट्ट मिटून ती अक्काच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तिच्या घरी तिच्या हातचं दुसऱ्या कुणी पिण्याची ही पहिलीच वेळ.

अक्काने घोट घेतला.

मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिचा गळा मध्येच थांबला, ते मी पाहिलं. तिची जीभ टाळूला लागली असणार. थुंकून टाकावं असंच ते होतं, पण तिने गिळलं. मग तिची नजर पेल्यात गेली, पेल्यातून माझ्यात आली. कोथिंबीर बाजूला सरकली होती आणि आत माझं नागवं पिवळं पोट दिसत होतं. अक्काला सगळं कळलं. तिने सुचेताकडे पाहिलं.

“छान झालाय,” अक्का म्हणाली.

सुचेताचा चेहरा असा काही उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कस्तुरीने लगेच ओगराळं उचललं. वेदांतने पेला पुढे केला. बाकीचे मागे उभे राहिले. आता काय करेल अक्का? सांगावं तर आठ-दहा जणांसमोर त्या पोरीचं तोंड पडणार, आणि न सांगावं तर ही सगळी रात्रभर ओकणार.

अक्काने पेला खाली ठेवला. खुर्चीतून उठायला म्हणून तिने हात पुढे केला, तो तिवईच्या कडेवर ठेवला आणि सगळा भार त्या हातावर दिला. तिवई कलंडली. मी आडवी झाले, आपटले, गडगडत कठड्यापर्यंत गेले, आणि माझ्यातला सगळा मठ्ठा गच्चीभर पसरला.

तेव्हा जो काही गोंधळ उडाला, विचारू नका. चटया भिजल्या. कोथिंबीर सगळ्यांच्या पायांना चिकटली. वेदांतचे नवे बूट चटईशेजारी काढलेले होते, ते आतून भरले. बर्फाचे खडे लोडाखाली गेले. आंबूस, ओला, नाण्याचा वास सगळीकडे, आणि त्यावर मुंग्यासुद्धा येईनात. अक्काची रेशमी साडी गुडघ्यापर्यंत भिजून पायांना चिकटली होती. ती पडता पडता वाचली. उल्हासने तिला धरलं.

“अक्का, जरा बघून उठायचं ना,” सुचेता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“सॉरी मा,” अक्का म्हणाली. “म्हातारी झाले. तोल गेला.”

आणि ती ओल्या साडीने, भिंतीला धरत, एकटी जिना उतरून गेली. उल्हास मागे गेला तर नको म्हणाली. वर सगळ्यांनी पायांखालचं पुसलं, चटया गुंडाळल्या, जेवायला सुचेताच्या दिवाणखान्यात बसले. हळूहळू हशा सुरू झाला. जिलबी संपली, वड्या संपल्या, कस्तुरीने आंबेडाळ दोनदा घेतली. पार्टी झाली म्हणायची. मी स्वयंपाकघरात सिंकशेजारी पडून होते. सुचेता ताटं ठेवायला आली तेव्हा उल्हासला हळूच म्हणाली की मी म्हटलं होतं, त्यांना नको बोलवूया. चटया आता टाकूनच द्याव्या लागणार, शी.

रविवारी सकाळी ती मला धुवायला आली. मी आडवी पडले होते म्हणून माझ्या कुशीत अर्धा पेलाभर मठ्ठा राहिला होता. रात्रभरात त्याचं काय झालं होतं म्हणता? वर पाणी, खाली चोथा, आणि भोवती मोरचुदासारखा हिरवा घेरा. तिने वास घेतला आणि हात तोंडावर नेला. मग फोनवर आईला पुण्याला दाखवलं. आईने पाहता क्षणी विचारलं, अगं, हे तर कळकलंय, कल्हई कुठे गेली याची?

सुचेता म्हणाली, कल्हई कसली, आत राखाडी मळ होता, तो घासून काढला.

 आईने लगेच विचारलं, कुणी प्यालं का हे?

“नाही,” सुचेता म्हणाली. “सांडलं ना. फक्त अक्कांनी एक घोट...”

तिथे ती थांबली. फोन तसाच हातात, आईचा आवाज हॅलो हॅलो करतोय, आणि ही माझ्याकडे बघतेय. मग मला उचलून, तशीच, हिरव्या घेऱ्यासकट, खाली घेऊन गेली.

अक्का साडी वाळत घालत होती. रेशमावर डाग राहिले होते. सुचेताने मला तिच्या पायाशी ठेवलं आणि विचारलं की तुम्हाला कळलं होतं का. अक्का म्हणाली, एका घोटात कळतं गं.

“मग सांगायचं ना मला.”

“तुझ्या घरी पहिल्यांदा माणसं आली होती. सांगून तुझं काय झालं असतं?”

“आणि तुमचं?”

“माझं काय? म्हातारी धडपडली म्हणतील. नाही तरी धडपडतेच की.”

सुचेता तिथे पायरीवर बसून रडली. अक्काने तिला स्वल्प रडू दिलं, मग कॉफी दिली. मला वाटलं, झालं, मिटलं. पण नाही. खरी किळस तर मला पुढेच आली.

त्या लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात वेदांतने अक्काचं नाव ‘मठ्ठा एक्सप्रेस’ ठेवलं. तोल गेल्याची नक्कल करून पाठवली, बुटांचे फोटो पाठवले. उल्हास ते वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, सांग ना त्यांना खरं काय ते. सुचेता म्हणायची, आता जाऊ दे, कशाला उकरायचं. आणि एकदा तर तिने स्वतः त्यावर हसणारे चेहरे टाकले. मी पुन्हा वर तिच्या ओट्यावर होते, मी पाहिलं. मित्रांनो, कळकलेलं ताक परवडलं. ते निदान हिरवं पडून सांगतं तरी की माझ्यात विष आहे. एका म्हातारीने आपली लाज तुमच्यासाठी जमिनीवर ओतली, आणि तुम्ही त्यावर हसणारे चेहरे टाकता? मला सुचेताच्या हातचं पाणीही नको झालं.

पण मला कल्हई करून आणायला तीच गेली, हेही सांगायला हवं. बसवनगुडीत आता कल्हईवाला मिळत नाही. जुन्या बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत अक्काच्या सांगण्यावरून एक सापडला. त्याने मला भट्टीवर लाल केलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं. पांढऱ्या धुराने सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हलली नाही, समोर उभी राहून बघत राहिली. पडल्याने पोचा आला होता, तोही त्याने ठोकून काढला, पण नीट जमला नाही. तेव्हापासून मी एका अंगाला जरा वाकडी आहे. मला ते आवडत नाही.

उन्हाळा संपायच्या आत सुचेताने पुन्हा तीच माणसं बोलावली. पुन्हा गच्ची, पुन्हा जिलबी-मठ्ठा. अक्का यायला तयार नव्हती. सुचेता खाली जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली. खुर्ची तिथेच, तिवई तिथेच, तिवईवर मी, नव्या कल्हईने आतून पांढरीशुभ्र.

वेदांतने मला पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, अक्का, आज तुम्ही तपेलीपासून स्वल्प लांब बसा. सगळे हसले. अक्काही हसली, आणि खुर्ची खरंच थोडी मागे सरकवू लागली.

सुचेताने ओगराळं उचललं. थोडा मठ्ठा स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखला. मग ओगराळं परत ठेवलं.

“खुर्ची सरकवू नका, अक्का,” ती म्हणाली. मग बाकीच्यांकडे वळली. “त्या दिवशी यांचा तोल गेला नव्हता. मठ्ठा खराब होता. मी या भांड्याची कल्हई मळ समजून घासून काढली होती आणि त्यात दिवसभर ताक ठेवलं होतं. यांनी एक घोट घेतला आणि तुम्ही पिऊ नये म्हणून सांडून दिलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.”

 

“म्हणजे,” कस्तुरी म्हणाली, “आम्ही ते पिणार होतो?”

“हो.”

“शी,” कस्तुरी म्हणाली.

तीच शी. जिच्या भीतीने सुचेताने इतके दिवस कुणाला घरी बोलावलं नाही, ती शी तिच्याच गच्चीवर, तिच्याच तोंडावर आली. सुचेताचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही. मग वेदांत उठला. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याने एक पेला माझ्यातून भरला आणि अक्कासमोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दिला. 

अक्काने घोट घेतला. सगळे बघत होते, सुचेता सगळ्यात जास्त. अक्काने तोंडात फिरवला, गिळला आणि पेला खाली केला.

“मीठ कमी आहे,” अक्का म्हणाली.

सुचेता हसायला लागली आणि डोळे पुसत मिठाची बरणी आणायला धावली. बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. तुम्हाला कळलंय.

मित्रांनो, आता मी माळ्यावर नाही, सुचेताच्या ओट्यावर असते. म्हातारपणी एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू हाती आली की तिच्यावर यंत्र चालवण्याआधी एकदा तिच्या जुन्या माणसाला विचारा, आणि विचाराल तेव्हा फोन बाजूला ठेवून ऐका. दुसऱ्याला पाजण्याआधी एक घोट स्वतः घ्या. आणि तुमच्यासाठी कुणी बदनामी घेतली असेल तर ती त्याच्या अंगावर वाळू देऊ नका, ताकाच्या डागासारखी ती मग निघत नाही. अक्काच्या जांभळ्या साडीवरचे डाग अजून तसेच आहेत.

आणि हो, त्या दिवशी मीठ खरंच कमी होतं. मला ओतलं तेव्हाच कळलं होतं.